वॉल्डनची उजवी प्रदक्षिणा

आयुष्यभर कोल्हापुरात भूगोल शिकवला. हिमनदीचा धडा दरवर्षी यायचा आणि दरवर्षी मी तो फळ्यावर चित्र काढून पार पाडायचे. हिमनदी कशी सरकते, वाटेत काय काय खरवडून घेते, वितळताना ते कुठे टाकून देते, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात बर्फ पाहिलेला तो उसाच्या रसाच्या गाड्यावरचा, गोणपाटात गुंडाळलेला. निवृत्तीनंतर एकदा मनालीला गेलो, पण आमच्या आधी येऊन गेलेल्यांनी बर्फाचा चिखल करून ठेवला होता आणि भाड्याच्या कोटाला आधीच्या माणसाच्या घामाचा वास येत होता. तेव्हा ताजा, कुणाचं पाऊल न लागलेला बर्फ बघायचा योग यंदा लेकीकडे ॲक्टनला आल्यावरच आला.

ॲक्टन हे बॉस्टनच्या पश्चिमेचं गाव. शेजारचं गाव कॉन्कर्ड आणि कॉन्कर्डच्या दक्षिणेला वॉल्डन तळं. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो इथे १८४५ च्या जुलैत एका खोलीचं घर बांधून राहायला आला आणि १८४७ च्या सप्टेंबरपर्यंत राहिला, एवढं बहुतेकांना माहीत असतं. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी त्याचं पुस्तक ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ म्हणून मराठीत आणलं. आमच्या शाळेच्या वाचनालयात त्याची एक प्रत होती. मराठीच्या बाईंशिवाय ती कुणी नेलेली मला आठवत नाही.

इथल्या मराठी मंडळींचा चालणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. उन्हाळ्यात ही मंडळी न्यू हॅम्पशायरचे डोंगर चढतात, थंडीत जवळपासची तळी आणि जंगलं फिरतात. ग्रुपची सूत्रं नाशिकच्या एका डॉक्टरबाईंकडे. वय असेल पन्नाशीच्या आसपास. कॉलेजात असताना तिने निम्मा सह्याद्री पालथा घातलेला, त्यामुळे बोलण्यात ‘लीड’ आणि ‘टेल’ हे शब्द सारखे. लीड म्हणजे सगळ्यांच्या पुढे चालणारा, टेल म्हणजे सगळ्यांत मागचा. टेलच्या मागे कुणी उरता कामा नये, हा तिचा पहिला नियम.

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. रात्रभर आणि सकाळभर बर्फ पडला. दुपारी थांबल्यावर जावयांनी अंगणात फूटपट्टी रोवली, नऊ इंच भरला. संध्याकाळी ग्रुपवर डॉक्टरबाईंचा निरोप आला: उद्या दहाला वॉल्डन, मायक्रोस्पाइक्स आणा, कॉटन घालू नका. लेकीने विचारलं, “आई, तू येतेस का घरी थांबतेस?” मी म्हटलं, रंकाळ्याला रोज सकाळी फेरी मारणाऱ्या बाईला हे काय विचारतेस.

कॉटन घालू नका, हे मला पटत नव्हतं. आपण सगळं आयुष्य सुती कपड्यांच्या भरवशावर काढलेलं. लेकीने समजावलं, चालताना घाम येणारच, सुती कापड तो धरून ठेवतं, वाळत नाही आणि थांबलं की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर ओली झाली तरी ऊब देते. हे शास्त्र मला माहीत होतं, पण परकराला ते लागू होतं हे लक्षात आलं नव्हतं. शेवटी लेकीची थर्मल्स, तिचीच बर्फात घालायची विजार, लोकरी मोजे असा सगळा उसना जामानिमा झाला. माझी स्वतःची वस्तू एकच, कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलेली माकडटोपी. नातीने नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या वाऱ्यात दोन वेळा तीच टोपी मागत होती, मी दिली नाही.

सकाळी पार्किंगमध्ये आम्ही चौदा जण. तापमान पंधरा फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे नऊ. नाकातले केस कडक होतात, ही जाणीव फारच विचित्र. दर श्वासाला आत काहीतरी टोचल्याचा भास होत होता. बूट टाकला की खालून करकर आवाज येई. बर्फ जितका थंड तितका तो पायाखाली जास्त करकरतो. शून्याच्या आसपासचा बर्फ ओलसर असतो, तो दबतो पण बोलत नाही. मायक्रोस्पाइक्स म्हणजे रबराच्या पट्ट्याला साखळी आणि तिला लोखंडी दाते, बुटावर ओढून चढवायचे. वाकून ते चढवताना माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसं धापा टाकत होती, हे नमूद करते.

निघण्यापूर्वी वाद झाला तो दिशेचा. तळ्याभोवतीची वाट साधारण पावणेतीन किलोमीटरची. रस्ता ओलांडून खाली उतरलं की पूर्वेचा वाळूचा काठ लागतो, तिथून डावीकडेही जाता येतं आणि उजवीकडेही. थोरोच्या घराची जागा उत्तरेच्या बाजूला, त्यामुळे बहुतेक लोक उजवीकडे वळतात आणि आधी ते बघतात. पण आमच्यातले साताऱ्याचे एक काका, बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले, त्यांनी तिथेच हरकत घेतली. “तसं गेलं तर तळं डाव्या हाताला येतं. उलटी प्रदक्षिणा होईल.”

दोन-चार जण हसले. डॉक्टरबाईंनी मात्र वर सूर्याकडे बघितलं, मग समोरच्या काठाकडे आणि म्हणाल्या, “काका म्हणतात तसंच जाऊ.” कारण वेगळं होतं. या अक्षांशावर जानेवारीतला सूर्य भर दुपारीही दक्षिणेला खाली खालीच राहतो. दक्षिण काठाच्या उतारावर त्यामुळे सावली असते, उत्तर काठावर ऊन. ताजेतवाने असताना सावलीची बाजू उरकायची आणि दमल्यावर उन्हात यायचं. काकांना शास्त्र मिळालं, बाईंना ऊन मिळालं. मला दोघांच्या मधे उभं राहून अक्षांशाचा धडा द्यायची फार इच्छा झाली होती. नातीने माझा हात ओढला.

दक्षिणेच्या वाटेवर आमच्या आधी एकच माणूस गेला होता, तोही स्कीवरून. त्याच्या दोन समांतर रेघा थोडं पुढे जाऊन टेकडीकडे वळल्या आणि पुढे कोरा बर्फ. वाटेला दोन्ही बाजूंनी तारेचं कुंपण आहे. लोक जागोजागी पाण्याकडे उतरत राहिले तर काठाची माती ढासळते, म्हणून ते घातलंय. पाण्यापर्यंत जायला ठरावीक ठिकाणी दगडी पायऱ्या. कुंपणामुळे सगळ्यांना एकामागे एकच चालावं लागतं.

इथे खरी मजा सुरू झाली. पुढे होते दोन उंच तरुण, आयटीतले. जोशात निघाले. नऊ इंच बर्फात पहिल्या माणसाला दर पावलाला गुडघा वर उचलावा लागतो. मागच्यांनी त्याच्या पावलांच्या खड्ड्यात पाय टाकत जायचं असतं. पण या सहा फुटी पोरांची ढांग केवढी! त्यांच्या एका पावलापासून दुसऱ्यापर्यंत माझा पाय पोचेना. नात तर उड्या मारत होती, दर तिसऱ्या उडीला बसकण. मधल्या बायका आपापली वेगळी पावलं पाडत होत्या, म्हणजे प्रत्येकीला पहिल्या माणसाइतकेच कष्ट. पाच-सात मिनिटांत ओळीची पार मोडतोड झाली आणि पुढचे दोघे वळणाआड गेले.

डॉक्टरबाईंनी शिट्टी मारली. खरीखुरी, गळ्यात अडकवलेली. सगळे थांबले. बाई म्हणाल्या, “लीडने स्वतःच्या ढांगेने चालायचं नसतं. ओळीतल्या सगळ्यांत आखूड ढांगेने चालायचं.” आणि त्या पोरांना मागे पाठवून त्यांनी नातीला पुढे आणलं. दहा वर्षांची पोर, जेमतेम चार फूट आठ इंच. तिच्यामागे दुसरी व्यक्ती मी. तिला सांगितलं, तुला जमेल तेवढंच पाऊल टाक, घाई करू नकोस. दमलीस की बाजूला हो, मागचा पुढे येईल, तू शेवटी जाऊन मिळ. मात्र पुढे येईल त्याने तुझ्याच अंतराने पाय टाकायचे.

पुढची सगळी दक्षिण बाजू आम्ही नातीच्या मापाने चाललो. पहिली पाच-सहा माणसं जाईपर्यंत वाट चांगली घट्ट व्हायची आणि शेवटच्यांना तर फरसबंदीवरून चालल्याचं सुख. आयटीतली पोरं त्या चिमुकल्या पावलांत बूट टाकत, मांड्या आखडत चालत होती आणि कुरकुरत होती. मला तर बाईंचं हे एक वाक्य शाळेच्या शिक्षक-खोलीत टांगावंसं वाटलं. वर्गात आम्ही कायम पहिल्या बाकाच्या ढांगेने अभ्यासक्रम संपवत आलो. असो, तो विषय वेगळा.

पुढे चालण्याचा आणखी एक फायदा म्हणजे कोरं पान पहिल्यांदा वाचायला मिळतं. खारीचे ठसे चारच्या झुबक्याने. त्यातले मोठे, पुढचे दोन हे खरं तर मागचे पाय. उडी मारताना ती मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे नेऊन टेकवते. नातीला हे मी दोन वेळा बोटांनी करून दाखवलं, तिने तिसऱ्यांदा स्वतः करून बघितलं आणि तोंडावर पडली. उंदराच्या नाजूक टिंबांच्या मधून शेपटीची रेघ, ती एका झाडाच्या बुंध्याशी जाऊन बर्फाखाली गडप. आणि एके ठिकाणी कोल्ह्याची वाट, अगदी एका ओळीत, पुढच्या पायाच्या ठशात मागचा पाय अचूक पडलेला. आम्हा चौदा जणांना शिट्टी मारून जे शिकवावं लागलं ते याला जन्मजात येतं.

तळं गोठलेलं होतं, पण हे तळं उशिरा गोठतं. त्याचं कारण त्याच्या खोलीत आणि खोलीचं कारण माझ्या त्या जुन्या धड्यात. इथून हिमनदी मागे हटली तेव्हा तिचा एक प्रचंड तुकडा तुटून इथेच राहिला, त्याच्याभोवती आणि वर वाळू-गोटे साचले. तुकडा सावकाश वितळला, खड्डा उरला, खड्ड्यात भूजल भरलं. हे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचं. या तळ्याला येणारा ओढा नाही, बाहेर जाणारा ओढा नाही. खोली शंभर फुटांवर. फळ्यावर मी असा खड्डा कितीदा काढला असेल! त्याच्या काठावरून प्रत्यक्ष चालताना मी थोडी मोठ्याने बोलायला लागले असणार, कारण साताऱ्याचे काका म्हणाले, “बाई, आम्ही पास झालो, पुढे चला.”

अर्ध्या दक्षिण बाजूला एका कोपऱ्यात, काठापासून वीसेक पावलांवर, एक म्हातारा बर्फावर उलट्या बादलीवर बसून मासे पकडत होता. तरुणांना लगेच बर्फावर जायचं होतं. डॉक्टरबाई नाही म्हणाल्या. इथला नियम असा की चालण्यासाठी निदान चार इंच जाडीचा स्वच्छ, टणक बर्फ हवा. वर ताजा बर्फ पसरला की खालचं दिसत नाही. शिवाय ही दुलई थंडी आत जाऊ देत नाही, त्यामुळे खालच्या थराची वाढही मंदावते. काठावरून त्या म्हाताऱ्याला विचारलं. त्याने बोटांनी सात दाखवले आणि या म्हणून खूण केली. मग बाईंनी परवानगी दिली, पण दोघादोघांनी, अंतर ठेवून.

मी आणि नात गेलो. हाताने फिरवायच्या गिरमिटाने त्याने ताटलीएवढं भोक पाडलं होतं. भोकात पाण्यावर बर्फाचा चुरा सारखा जमत होता आणि तो उपसायला त्याच्या हातात होता आपला बुंदी पाडायचा झारा, हुबेहूब. त्याने वाकून भोकाची कड दाखवली. वरचे दोन-तीन बोटं पांढरट, हवेचे बुडबुडे असलेला बर्फ, हा पडलेला बर्फ भिजून गोठल्याचा. त्याखाली काळा दिसणारा, काचेइतका नितळ, हा तळ्याच्या पाण्याचा. तो म्हणाला की भिस्त या काळ्यावर ठेवायची, पांढऱ्याची ताकद निम्मीच समजायची. मासा एकही मिळाला नव्हता. सरकार इथे ट्राउट सोडतं म्हणे, तो त्यांच्याबद्दल फारसं बरं बोलत नव्हता.

त्या भोकात बघताना मला थोरो पहिल्यांदा आवडला. एकांतात राहणारा, झाडांशी बोलणारा म्हणून जो थोरो लोक सांगतात तो मला कधी फारसा भावला नाही. पण हा माणूस जमीन मोजणारा होता. या तळ्याला तळच नाही असं गावातले लोक मानायचे. १८४६ च्या सुरुवातीला, बर्फ फुटण्याआधी, तो होकायंत्र, साखळी आणि मासेमारीची दोरी घेऊन तळ्यावर गेला. दोरीच्या टोकाला दीड पौंडाचा दगड. भोकं पाडून शंभरावर ठिकाणी दोरी सोडली आणि नकाशा काढला. सगळ्यांत खोल जागा एकशे दोन फूट निघाली आणि आताची यंत्रंही जवळपास तेवढंच सांगतात. नावेतून हे काम करायचं तर नाव हलते, जागा चुकते. हिवाळ्याने त्याला पाय रोवून उभं राहायला जमीन दिली. वर लांबीची सर्वांत मोठी रेघ आणि रुंदीची सर्वांत मोठी रेघ जिथे छेदतात, तिथेच सर्वांत जास्त खोली आहे, हेही त्याच्या लक्षात आलं. असा विद्यार्थी मला एखादा तरी मिळायला हवा होता.

नातीला मी विचारलं, तळाशी पाणी किती गार असेल? ती म्हणाली शून्य. मी म्हटलं चार अंश. चारला पाणी सगळ्यांत जड, म्हणून ते तळाशी बसतं, त्याहून गार पाणी हलकं होऊन वर येतं आणि गोठतं वरूनच. म्हणून तर खाली ट्राउट जगतात. म्हाताऱ्याला तिने हे इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, मग ते चावत का नाहीत, ते आजीला विचार.

पश्चिमेच्या टोकाला तळ्याला खेटून रेल्वे जाते. थोरो यायच्या आधीपासून, १८४४ पासूनची. आजही त्याच मार्गावर बॉस्टनहून फिचबर्गला लोकल धावते, आम्ही असताना एक गेली, जांभळ्या पट्ट्यांची, मागे बर्फाचा धुरळा उडवत. एकांताचं हे तीर्थक्षेत्र रेल्वेला लागून आहे, गावापासून मैल-दीड मैलावर आहे, जमीन मित्राची म्हणजे इमर्सनची, आणि घराच्या फळ्या रेल्वेवर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराचं खोपटं सव्वाचार डॉलरला विकत घेऊन काढलेल्या. हे सगळं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, लपवलेलं नाही. लोकच ते वगळून सांगतात.

आणि या टोकाला बर्फाचा कारखाना चालला होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर आयरिश मजूर बॉस्टनजवळच्या केंब्रिजहून रोज इथे यायचे. घोड्यांनी ओढायच्या नांगराने गोठलेलं तळं चौकोनात चिरायचे आणि लाद्या काढायचे. चांगल्या दिवशी हजार टन, म्हणजे साधारण एक एकर तळं. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा या धंद्याचा राजा. १८३३ साली त्याने कलकत्त्याला पहिलं जहाज धाडलं, एकशे ऐंशी टन बर्फ, लाकडाच्या भुशात बांधलेला. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार महिन्यांनी ते पोचलं तेव्हा शंभरेक टन शिल्लक होता. लगेच मुंबईलाही बर्फ येऊ लागला, फोर्टात त्यासाठी बर्फखाना बांधला गेला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं तेव्हा ‘मुंबई समाचार’ने छापल्याचं सांगतात.

हे मी ओळीला थांबवून सांगितलं. मुंबईकर मंडळी एकदम खूश. म्हणजे आमच्या पणजोबांनी वॉल्डनचा बर्फ खाल्ला की काय! इथे मात्र त्यांना आवरावं लागलं. वॉल्डनवरून त्या हिवाळ्यात काढलेल्या बर्फाची पस्तीस फूट उंच रास इथेच काठावर रचली होती, अंदाजे दहा हजार टन, वर गवत आणि फळ्या. त्यातला थोडाच नेला गेला. बाकीची रास उन्हात उघडी पडून राहिली आणि पूर्ण वितळायला १८४८ चा सप्टेंबर उजाडला. तळ्याचं पाणी बहुतांशी तळ्याला परत मिळालं. मुंबई, मद्रास, कलकत्त्याचे लोक आपल्या विहिरीचं पाणी पिणार, असं थोरोने मोठ्या हौसेने लिहिलंय, पण हिशोबही त्यानेच त्याआधी दिलाय. त्याच ओघात तो रोज सकाळी गीता वाचत असल्याचं आणि वॉल्डनचं पाणी गंगेच्या पाण्यात मिसळल्याचं लिहितो. त्याच्या हाती होतं ते विल्किन्सचं इंग्रजी भाषांतर, १७८५ चं. कलकत्त्याच्या गोदीत गीता चढली आणि बर्फ उतरला, असा हा व्यापार. साताऱ्याच्या काकांना हा सौदा फायद्याचा वाटला नाही. त्यांच्या मते गीतेच्या बदल्यात नुसतं थंड पाणी म्हणजे फसवणूक.

तेवढ्यात तळ्यातून आवाज आला. खोलवरून, दबका, ढमकन. सगळे गप्प. मग पोरींची किंकाळी. ऊन पडलं की बर्फाचा पत्रा फुगतो, रात्री आकसतो, दोन्ही वेळा ताण सुटताना तो असा गरजतो. वर ताजा बर्फ असल्याने आवाज दबला होता, एरवी याहून मोठा होतो म्हणे. आयटीतल्या एकाने मोबाइल काढला रेकॉर्ड करायला, तर साठ टक्के चार्ज असलेला फोन डोळ्यांदेखत बंद. गारठ्यात बॅटरी मान टाकते. जावयांचा कॅमेरा तेवढा चालू होता, कारण त्यांनी तो जॅकेटच्या आत पोटाशी धरला होता. त्यासाठी ते दर पन्नास पावलांवर चेन उघडायचे, फोटो काढायचे आणि ओळीच्या मागे पडायचे.

उत्तर काठावर आलो आणि जग बदललं. ऊन, पाइनच्या फांद्यांवरून अंगावर सांडणारा बर्फ, टोपीकाढू गरमी. मघाचा भुसभुशीत बर्फ इथे वरून कडक झालेला, पाय क्षणभर टिकायचा आणि मग फस्सकन आत. या बाजूने उलट दिशेने येणारे बरेच लोक भेटले, त्यांच्यामुळे वाट तयार होती. चिकडी पक्षी डोक्याजवळ यायचे, चिमणीहून लहान, काळी टोपी घातलेले, जराही न घाबरता.

घराची जागा काठापासून थोडी आत, चढावर. १९४५ मध्ये रोलंड रॉबिन्सने धुराड्याचा पाया खणून ती शोधून काढली, तोवर नेमकी कुठे हे कुणाला ठाऊक नव्हतं. आता दगडी खांब उभे करून त्यांना साखळी लावलीय. दहा फूट बाय पंधरा फूट. बाजूला दगडांची रास आहे, १८७२ पासून येणारे लोक तिथे एकेक दगड ठेवत आलेत. त्या दिवशी रास म्हणजे नुसता पांढरा उंचवटा.

आमच्यातल्या एका गृहस्थांनी दुर्गाबाईंचं पुस्तक खास सोबत आणलं होतं, या जागी मोठ्याने वाचायचं म्हणून. कल्पना फार छान. पण जाड हातमोज्यांनी पान उलटत नाही आणि मोजे काढले की बोटं उलटत नाहीत. अर्धं पान झालं, चष्म्यावर वाफ धरली, त्यांनी तो पुसला, ती गोठली. चौदा माणसं एकांतावरचा उतारा ऐकत पाय आपटत उभी. शेवटी त्यांची बायको म्हणाली, “अहो, घरी वाचा, मी ऐकेन.” दुर्गाबाईंना हे दृश्य आवडलं असतं असं मला वाटतं. थोरो कर न भरल्याबद्दल याच मुक्कामात एक रात्र तुरुंगात काढून आला होता आणि दुर्गाबाई १९७५ च्या कऱ्हाडच्या संमेलनात आणीबाणीविरुद्ध बोलल्या, पुढे अटकही झाली. भाषांतर करणाऱ्याने मूळ लेखकाला किती मनावर घ्यावं याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. नातीला हे सांगितलं तर तिने विचारलं, तुरुंगात हीटर होता का? जुलै महिना होता म्हटल्यावर तिचा रस संपला.

पूर्वेच्या काठाला परत आलो तेव्हा दीड वाजत आला होता. एवढ्याशा वाटेला इतका वेळ! कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिकी उघडल्या. थर्मासमधला आलं घातलेला चहा, फॉइलमधली थालीपिठं, लसणीची चटणी. तिळगूळ मी आदल्या रात्री स्वतः वळला होता, चिकीचा गूळ घालून. उणे नऊमध्ये त्याचा झाला दगड. “गोड गोड बोला” म्हणत एकमेकांना दिला खरा, पण दात लावायची कुणाची छाती होईना. सोलापूरच्या एका वहिनींनी युक्ती सांगितली, लाडू हातमोज्यात घालून मुठीत धरा. पाच मिनिटं सगळी मंडळी मुठी आवळून उभी. बाजूच्या गाडीतून उतरणाऱ्या अमेरिकन जोडप्याने आमच्याकडे बघून आवाज खाली केला. त्यांना वाटलं असावं, प्रार्थना चाललीय.

डॉक्टरबाईंनी पुढचा बेत तिथेच जाहीर केला, पुन्हा बर्फ पडला की शेजारच्या लिंकन गावाच्या बाजूचं जंगल. “आणि काकू, तेव्हा लीड तुमच्याकडे. ढांग चांगली आहे, सगळ्यांना पुरते.” मी हो म्हणून टाकलं. नातीने लगेच विचारलं, मग टेल कोण? सगळ्यांनी जावयांकडे बघितलं. ते अजून रस्त्याच्या पलीकडे होते, जॅकेटची चेन उघडत.